बोटीचा एल्बो आणि मॅनिफोल्ड: खाऱ्या पाण्यात कधी बदलायचा, कसा बदलायचा

पानशेत, पवना, मुळशीच्या गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली बोट एकदा का मांडव्याला नाहीतर रेवदंड्याला नेली की तिचा सगळ्यात आधी मरणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट. गिअर नाही, पंप नाही, एक्झॉस्ट. आणि तो मरताना आवाज करत नाही हीच खरी पंचाईत आहे, बाहेरून रंग चकाचक, मिस्त्री म्हणतो मस्त आहे, आणि एक दिवस किल्ली फिरवली की टक्क करून स्टार्टर अडकतो कारण सिलेंडरमध्ये समुद्र भरलेला असतो.

आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं याच्याच भोवती आहे. बोटीचा एक्झॉस्ट दिसण्यावरून बदलायचा नसतो, तारखेवरून बदलायचा असतो. आणि आपल्यासारखी पुण्यात राहून शनिवार-रविवार ताम्हिणी उतरणारी मंडळी असतील तर ती तारीख रोज चालणाऱ्या बोटीपेक्षा लवकर येते. का ते सांगतो.

आधी पाणी कुठून कुठे जातं ते

कारमध्ये सायलेन्सर हवेने थंड होतो, बोटीत इंजिन एका बंद खोक्यात असतं, तिथे लालबुंद पाइप चालणार नाही. डिझेलचा एक्झॉस्ट फुल लोडवर चारशे-पाचशे अंश सेल्सिअसला जातो, पेट्रोलचा त्याच्याही वर. म्हणून समुद्राचं पाणी रबरी इंपेलरच्या, म्हणजे पात्यांच्या चाकाच्या, पंपाने ओढायचं, हीट एक्स्चेंजरमधून फिरवायचं आणि शेवटी एक्झॉस्टच्या वाफाऱ्यातच सोडून द्यायचं. गॅस आणि पाणी एकत्र मागून बाहेर पडतं, म्हणून पुढे रबरी होज चालतो.

हे पाणी जिथे गॅसमध्ये मिसळतं तो तुकडा म्हणजे मिक्सिंग एल्बो. पेट्रोलच्या व्ही-६, व्ही-८ इंजिनांना, म्हणजे मर्क्रूझर किंवा व्होल्व्हो पेंटा वगैरे, दोन्ही बाजूंना बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलेंडरांचा गॅस गोळा करणारा भाग, असतो आणि त्याच्या डोक्यावर रायझर, म्हणजे गॅस वर उचलणारा तुकडा, किंवा एल्बो बसतो. दोन्ही दुहेरी भिंतीचे: आतून गॅस, मधल्या पोकळीतून पाणी. ती मधली भिंत काही मिलिमीटरचीच असते. एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला खारं पाणी. ही भिंत फुटली की पाणी गॅसच्या रस्त्यात, आणि तिथून इंजिन बंद असताना उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून थेट सिलेंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर यायला बघतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढचा खर्च मी इथे लिहीत नाही, उगाच सकाळ खराब व्हायची.

तुमचं कूलिंग कुठल्या प्रकारचं आहे हे आधी नीट बघून घ्या. कूलंट, म्हणजे इंजिनात बंद फेऱ्यात फिरणारं आणि हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होणारं द्रव, जर मॅनिफोल्डमधूनही फिरत असेल तर खारं पाणी फक्त एल्बोला लागतं, मॅनिफोल्ड बराच टिकतो. कूलंट फक्त ब्लॉक-हेडपुरतं असेल किंवा सगळं इंजिनच समुद्राच्या पाण्यावर असेल तर मॅनिफोल्ड आणि एल्बो दोघांचं आयुष्य सारखंच धरायचं. आणि कोळी बांधवांच्या मोठ्या ट्रॉलरवर बऱ्याचदा उभी सुकी चिमणी असते, तिच्यात पाणी सोडतच नाहीत, त्यामुळे हा लेख तिला लागू नाही. आउटबोर्डवाल्यांनीही सोडून दिला तरी चालेल, त्यांचा एक्झॉस्ट पायाच्या ॲल्युमिनियममध्येच असतो, ते वेगळं दुखणं.

गंज नेमका कसा चढतो

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिन चालू असताना पाणी वाहतं असतं, भाग धुतला जातो, तेव्हा नुकसान होतं पण हळू. खरं काम सुरू होतं इंजिन बंद केल्यावर. एल्बोतलं पाणी अर्धं खाली निथळतं, अर्धं चिकटून राहतं, भाग गरम असतो त्यामुळे ते आटतं, आटताना मीठ आणखी घट्ट होतं, वरून दमट हवा. मीठ, ऑक्सिजन आणि ऊब, लोखंडाला खायला याच्यापेक्षा चांगलं वातावरण नाही. म्हणजे आपण रविवारी संध्याकाळी पाच वाजता बोट बांधून पुण्याकडे निघतो आणि पुढच्या शनिवारपर्यंत तिकडे एल्बो शांतपणे खाल्ला जात असतो. रोज चालणाऱ्या बोटीचा निदान रोज धुतला तरी जातो.

बिडाचा अजून एक दगाबाजपणा आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात. खाऱ्या पाण्यात त्यातलं लोखंड विरघळून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा तसाच उभा राहतो, त्याच आकारात, त्याच जाडीत. डोळ्याला भिंत जाडजूड दिसते, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबलं की पेन्सिलीच्या शिशासारखं काळं मऊ निघतं. म्हणून मी म्हणतो की डोळ्यांवर जाऊ नका.

स्टेनलेस घेतलं की सुटलो असंही नाही. ३१६ ग्रेडसुद्धा कोंदट जागी, म्हणजे वेल्डच्या फटीत, क्लिपखाली, होजच्या तोंडाशी, जिथे खारं पाणी अडकतं पण ताजी हवा पोचत नाही तिथे टाचणीएवढी भोकं पाडून घेतं. त्यात साधारण ६० अंशाच्या वर क्लोराइडमुळे ताण असलेल्या जागी भेगा जायची भीती, आणि एल्बो त्याच्या वरच असतो. फरक एवढाच की बीड गंजाचे पोपडे टाकून निदान इशारा देतं, स्टेनलेस चमकत चमकत फुटतं.

डिझेलमध्ये गंधकामुळे आम्ल तयार होऊन एल्बो आतून खाल्ला जातो हेही खरं आहे, पण १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ डिझेल आलं आणि गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली, त्यामुळे आता सगळं खापर डिझेलवर फोडण्यात फार अर्थ नाही. मीठ आणि काजळी हेच दोन आरोपी.

काजळीचं म्हणाल तर बॅटरी चार्ज करायला किंवा फ्रिज चालवायला डिझेल इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवणारे असतात ना, त्यांच्या एल्बोत पाणी मिसळतं त्या जागी काळा दगड तयार होतो. दीड इंची भोकाची करंगळीएवढी फट उरलेली असते. काळा धूर, फुल थ्रॉटलला आरपीएम कमी, आणि लोक इंजेक्टर आणि टर्बोवर खर्च करत बसतात. आधी एल्बो काढून बघा, बाकी नंतर.

अजून एक गैरसमज. झिंक, म्हणजे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा जस्ताचा तुकडा, बदलतोय म्हणजे एक्झॉस्ट सुरक्षित, असं नाही. झिंक तेव्हाच काम करतं जेव्हा ते आणि वाचवायचा भाग एकाच पाण्यात बुडालेले असतात. हीट एक्स्चेंजरमधलं झिंक हीट एक्स्चेंजर वाचवतं. अर्धा सुका अर्धा ओला एल्बो त्याच्या हद्दीत येत नाही.

तारीख कशी ठरवायची

खाऱ्या पाण्यातला बिडाचा मॅनिफोल्ड-रायझर पाच ते सात वर्षांत बदलायचा हा जगभरचा सर्वसाधारण हिशोब आहे. आठवड्यातून एकदा चालणारी, फ्लश न होणारी, म्हणजे आतून गोड्या पाण्याने न धुतली जाणारी, कोकणच्या दमट हवेत उभी असलेली बोट असेल तर मी पाचवं वर्ष धरतो आणि तिसऱ्या वर्षापासून दर सीझनला एल्बो उघडून बघतो. डिझेलचे छोटे बिडाचे एल्बो, यानमारसारखे, तीन ते पाच वर्षं. सेकंड हँड बोट घेतली आणि मालक म्हणाला की एक्झॉस्ट गेल्याच वर्षी बदललाय पण बिल नाही, तर तो बदललेला नाही असं समजून चालायचं. स्पष्ट बोलतो पण असंच आहे.

तारखेच्या आधी बदलायला लावणारी लक्षणं:

जोडाशी तांबूस ओघळ किंवा पांढरे मिठाचे खडे दिसणं, म्हणजे पॅकिंग गेलंय किंवा जातंय. मागून येणारं पाणी कमी होणं, वाफ जास्त. एका बाजूचा मॅनिफोल्ड दुसऱ्यापेक्षा गरम. सकाळी पहिल्या स्टार्टला एक-दोन सिलेंडर मिस होणं आणि मग सुधारणं, हे फार महत्त्वाचं, लोक याला पेट्रोलची भेसळ म्हणून सोडून देतात, प्लग काढा आणि बघा, एखादा गंजलेला किंवा ओला निघाला तर त्या दिवशी बोट काढू नका. डिपस्टिकवर चहासारखं दुधाळ ऑइल दिसलं तर गोष्ट पुढे गेलेली आहे. आणि इंजिन रूममध्ये एक्झॉस्टचा वास. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो, पण गॅस गळतोय म्हटल्यावर तोही गळतोय, केबिन असलेल्या बोटीत याची मस्करी नको, एक सीओ डिटेक्टर लावून टाका.

एक स्वस्तातलं हत्यार सुचवतो, इन्फ्रारेड टेम्परेचर गन. एक्झॉस्ट नवीन असताना दोन्ही मॅनिफोल्ड, दोन्ही एल्बो आणि होजचं तोंड, सगळ्यांचं क्रूझिंग आरपीएमला तापमान लिहून ठेवायचं. पुढे दर एक-दोन महिन्यांनी तेच. आकडा किती आहे यापेक्षा तो किती सरकलाय हे बघायचं. पाणी मिसळल्यानंतरचा होज हाताला सोसवेल इतपतच गरम असला पाहिजे. चटका बसत असेल तर पाणी कमी येतंय: इंपेलर, गाळणी, नाहीतर एल्बोची पोकळी मिठाने आणि पोपड्यांनी भरलीय.

उघडून काय बघायचं

एल्बो काढला की आधी पाण्याच्या वाटा बघा. त्या मूळ मापाच्या किती उरल्यात? पोपडे खरवडून काढता येतात, पण पोपडा म्हणजे भिंतीतूनच गेलेलं लोखंड. मग गॅसच्या नळीत टॉर्च मारा, बोरोस्कोप, म्हणजे वायरच्या टोकाचा छोटा कॅमेरा, असेल तर उत्तम, आजकाल मोबाइलला लावायचा स्वस्तात मिळतो. काजळीने काळं असणं नॉर्मल. काळ्यावर तांबडा ओघळ दिसला तर तिथून पाणी येतंय, चर्चा संपली. मग हेडचे पोर्ट, तिथेही तांबडं दिसलं तर कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय नवे भाग बसवू नका.

प्रेशर टेस्ट पुण्यात आणून करता येते. पाण्याची सगळी तोंडं रबर आणि पट्टीने बंद करायची, एका तोंडाला हवेचा निपल, एक बार प्रेशर, त्याच्या वर अजिबात नाही कारण हवेने भरलेलं बीड फुटलं तर तुकडे उडतात, आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं टबात बुडवून बुडबुडे बघायचे. फेल झालं तर भंगार. पास झालं तरी याचा अर्थ आज गळत नाही इतकाच आहे, भिंत किती उरलीय ते कळत नाही. त्यासाठी भोसरी-चिंचवडकडे भाग न तोडता वेल्डिंगची तपासणी करणाऱ्या एनडीटी लॅब आहेत, त्यांच्याकडे अल्ट्रासॉनिक जाडी मोजायचं यंत्र असतं, बाहेरची भिंत मोजून देतील. गंमत म्हणजे जी भिंत मोजायला हवी ती आतली, तिथे प्रोब पोचत नाही. म्हणून परत तारीख.

ॲसिडने साफ करून परत वापरू का, हा प्रश्न हमखास येतो. बिडाला पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून मीठ-गंज निघतो, हवेशीर जागा, चष्मा, हातमोजे, नंतर सोड्याच्या पाण्याने धुवायचं. तीन वर्षांच्या चांगल्या भागाला हे ठीक आहे. सहा वर्षांच्या भागाला केलं तर बऱ्याचदा तो ॲसिडनंतर गळायला लागतो, कारण भोक गंजानेच बुजलेलं असतं. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसवर हे ॲसिड चुकूनही नको, तिथे सायट्रिक ॲसिड वापरा.

आणि बिडाला वेल्डिंग करून देतो म्हणणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. पाण्याच्या टाकीला करून घ्या, एक्झॉस्टच्या आतल्या भिंतीला नको.

भाग कुठून आणायचे

पेट्रोल इंजिनासाठी दोन रस्ते. कंपनीचा ओरिजिनल, नाहीतर बार किंवा ऑस्को सारख्या बाहेरच्या कंपन्यांचा. दोन्ही आयात, दोन्हींना कस्टम्स आणि वेळ, म्हणून मार्चमध्ये ऑर्डर द्या, मे उजाडल्यावर नाही. मॉडेलच्या नावावर जाऊ नका, इंजिनचा सीरियल नंबर द्या. मर्क्रूझरमध्ये साधारण २००२-०३ पासून ड्राय जॉइंट आला, त्यात पाण्याचा रस्ता आणि गॅसचा रस्ता जोडाशी वेगवेगळे काढलेत, म्हणजे पॅकिंग गेलं तर पाणी बाहेर गळतं, सिलेंडरमध्ये जात नाही. जुन्या वेट जॉइंटमध्ये एकच पॅकिंग दोन्ही सांभाळतं. दोन्हींचे भाग एकमेकांना बसत नाहीत. मॅनिफोल्ड आणि एल्बो सेटनेच बदला, दोन्ही बाजूंचे एकदम. एका बाजूचा गेला तर दुसऱ्याचंही वय तेवढंच आहे.

छोट्या डिझेलचा एल्बो मात्र पुण्यात बनवून घेता येतो, आणि या बाबतीत आपण मुंबईवाल्यांपेक्षा सुखी आहोत असं माझं मत आहे. भोसरी एमआयडीसीत आणि आजूबाजूला डेअरी आणि फार्मावाल्यांसाठी स्टेनलेसचं काम करणारे फॅब्रिकेटर आहेत, त्यांचं आर्गन वेल्डिंग बघण्यासारखं असतं. पण त्यांना समुद्र माहीत नसतो, त्यामुळे सांगायचं आपल्यालाच. मटेरियल ३१६एल, ३०४ नाही. दोघांत फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के असतं. लोहचुंबकाने ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही, तो फक्त आत्मसमाधानासाठी. पाइपचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि शंका आली तर तीच एनडीटीवाली लॅब गन लावून दोन मिनिटांत ग्रेड सांगते. जाडी: रेलिंगचा पातळ पाइप नको, शेड्युल ४० चा (हा पाइपच्या जाडीचा वर्ग) घ्या, दीड इंचाला त्याची भिंत ३.६८ मिलिमीटर भरते. वेल्डिंगची तार ३१६एलचीच, वेल्ड करताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा म्हणजे आतली बाजू जळून काळी पडत नाही, आणि शेवटी पिकलिंग-पॅसिव्हेशन, म्हणजे ॲसिडने वेल्ड साफ करून स्टेनलेसचा संरक्षक थर परत आणणं. ते डेअरीसाठी रोज करतात, फक्त तुम्ही मागितलं पाहिजे.

डिझाइनमध्ये एकच गोष्ट सोडायची नाही: पाणी आत येतं ती जागा उंच आणि तिथून पुढे सतत उतार, म्हणजे पाणी इंजिनकडे परत फिरू शकणार नाही. जुना एल्बो नमुना म्हणून द्या आणि फ्लँजपासून त्या जागेपर्यंतची उंची एक सेंटिमीटरनेही कमी होऊ देऊ नका. ही जागा बोटीच्या वॉटरलाइनपेक्षा किमान १५ सेंटिमीटर वर नसेल तर पाण्याच्या लाइनला वर लूप काढून अँटी-सायफन व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर इंजिन बंद झाल्यावर समुद्र आपोआप सायफनने आत येतो. नवा एल्बो बसवूनही सिलेंडरमध्ये पाणी आलं तर हा व्हॉल्व्ह मिठाने चिकटलाय का ते आधी बघा.

बाकी किरकोळ, म्हणजे ३१६ च्या क्लिपा, स्टड, नट, हे बोहरी आळीत शोधलं तर सापडतं, पण क्लिप घेताना स्क्रूसुद्धा स्टेनलेसचा आहे का बघा, बऱ्याच क्लिपांचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साधा असतो, तो पहिल्याच पावसाळ्यात गळून पडतो. होज मात्र मरीन एक्झॉस्टचाच, तारेचा, एसएई जे२००६ छापलेला. नाना पेठेतला ट्रकचा रेडिएटर होज कितीही जाड दिसला तरी तो या कामाचा नाही.

काढायचं काम

हे काम बोट पाण्यात असतानाही होतं पण मी तरी ती वर ओढलेली असतानाच करतो. सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा बोटीच्या तळाचा व्हॉल्व्ह) बंद, बॅटरी काढलेली, पाणी ड्रेन केलेलं. पेट्रोल बोट असेल तर आधी ब्लोअर चालवून मग बॅटरी काढा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साठून राहते. याच कारणासाठी पेट्रोल बोटीत नट सोडवायला गॅसची टॉर्च आत न्यायची नाही, कितीही जाम असला तरी.

नट-बोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल आदल्या रात्री आणि सकाळी परत. ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं हे घरगुती मिश्रणही छान चालतं, ॲसिटोन पेट घेतं एवढं लक्षात ठेवा. मग बॉक्स पाना, सहा कोनीच, बारा कोनी नाही, आणि आधी किंचित आवळायचा. हो, आवळायचा. गंजाची पकड मोडते. मग सोडायचा, पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत ऑइल. पाना स्प्रिंगसारखा वाटायला लागला, म्हणजे फिरतोय पण बोल्ट हलत नाही, की थांबा, तो पिळवटतोय. तिथे नट छिन्नीने किंवा नट स्प्लिटरने फोडलेला परवडला, हेडमध्ये तुटलेला स्टड नाही परवडत. तुटलाच आणि थोडा बाहेर असेल तर त्याच्यावर नट वेल्ड करून, वेल्डच्या उष्णतेनेच तो बऱ्याचदा सुटतो. अर्थात डिझेल बोटीत, नाहीतर इंजिन बाहेर असताना. आत तुटला तर मधोमध पंच, उलट्या पिळाचा ड्रिल, मग ईझी-आउट (तुटलेला स्टड उपसायचं हत्यार), आणि आटे गेले तर हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी बसवायची तारेची गुंडाळी). हे हात सरावलेल्या फिटरला द्या.

काढायच्या आधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, होज कुठला कुठे ते. आणि जुनं पॅकिंग फेकू नका. मर्क्रूझरला मॅनिफोल्ड आणि एल्बोच्या मधली पॅकिंगं सारखी दिसणारी पण वेगवेगळी असतात, एक पाणी पूर्ण सोडतं, एक थोडं अडवतं, एक पूर्ण बंद करतं, कूलिंगच्या प्रकारावर कुठलं ते ठरतं. चुकीचं बसलं की नवा कोरा एक्झॉस्ट पहिल्याच ट्रिपला तापतो आणि दोष पंपाला दिला जातो.

मॅनिफोल्ड निघाला की पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबा, आणि किती कोंबली ते मोजा. बिडाचं धूड जड असतं, दोघांनी उचला, इंजिन रूममध्ये वाकून एकट्याने उचललं की पाठ जाते.

बसवायचं काम

हेडचा फेस, म्हणजे पॅकिंग बसतं ती सपाट बाजू, प्लॅस्टिक किंवा पितळी खरवडणीने साफ करायचा. ग्राइंडरला डिस्क लावून झर्रकन करणारे भेटतील, त्यांना लांब ठेवा, खड्डा पडतो. नव्या भागाच्या फेसवर कंपनीचा रंग असेल तर तो पूर्ण काढा, रंगावर बसवलेलं पॅकिंग गरम झाल्यावर ढिलं पडतं. मग स्टीलची सरळ पट्टी आणि फीलर गेज. पट्टीखालून ०.१ मिलिमीटरची पात सहज जात असेल तर फेस मारून घ्यायचा, भाग नवीन असला तरी. सरफेस ग्राइंडिंगवाला पुण्यात शोधावा लागत नाही, त्यामुळे हे तपासणं कोकणात जायच्या आधीच, घरी करा.

पॅकिंग कोरडं बसवायचं. सिलिकॉन लावायचा मोह होतो, वाटतं डबल सेफ्टी, पण पॅकिंगच्या कंपनीने सांगितलं नसेल तर नको, ते पॅकिंग घसरवतं आणि दाबल्यावर आत आलेला तुकडा पाण्याची वाट अडवतो. बोल्ट नवे. आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट, हेड ॲल्युमिनियमचं असेल तर तांब्याचं नको, निकेलचं. आणि मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांचा असेल तर अँटी-सीझ लावल्यावर तोच आकडा जास्त भरतो, थोडा कमी धरा.

सगळे बोल्ट हाताने लावून घ्या, मग मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत टॉर्क. आधी मॅनिफोल्ड हेडला, मग एल्बो. होज साबणाच्या पाण्याने चढवा, प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोर. मागच्या बाजूला रबरी फ्लॅपर (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) असेल तर तोही बघा, इंजिन एकदा तापलं असेल तर तो जळून आक्रसलेला असतो, आणि मग नांगरावर असताना मागून येणारी लाट त्या वाटेने वर चढते.

याच वेळी इंपेलर बदला. जुन्याचं एखादं पातं तुटलेलं निघालं तर ते पाण्यात विरघळलेलं नाही, हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलंय, शोधा.

पहिला स्टार्ट

पोर्टमधली फडकी मोजून बाहेर आली ना? सी-कॉक उघडा. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात मागे पाणी दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर बंद. आयडलवर पाच-दहा मिनिटं, सगळे जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा, ओला झाला की कळतं. मग लोड देऊन अर्धा तास, तापमानाचे आकडे लिहा, पूर्ण थंड होऊ द्या आणि परत टॉर्क. हे दुसऱ्यांदा आवळणं लोक टाळतात कारण तोवर संध्याकाळ झालेली असते आणि घाट दिसायला लागतो. टाळू नका.

इंजिन सुरूच होत नसेल तर स्टार्टर दामटवत राहू नका. वॉटर-लिफ्ट मफलर (पाणी साठवून गॅसच्या दाबाने बाहेर ढकलणारा डबा) असलेल्या बोटीत प्रत्येक क्रँकला पंप पाणी टाकत राहतो, ते बाहेर ढकलायला गॅस नसतो, मफलर भरतो आणि पाणी उलटं एल्बोतून इंजिनात. दोन-तीनदा नाही लागलं तर सी-कॉक बंद, मफलर ड्रेन, मग काय बिघडलंय ते शोधा. लागलं की लगेच सी-कॉक उघडायला मात्र विसरायचं नाही. इंजिनची किल्ली मी सी-कॉकच्या हँडललाच टांगतो.

समजा पाणी आत गेलंच, तर तास मोजायचे, दिवस नाही. प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन फिरवून पाणी बाहेर, प्रत्येक सिलेंडरमध्ये ऑइल, ऑइल-फिल्टर बदलून थोडं चालवून परत बदलणं, दुधाळपणा जाईपर्यंत. सोमवारी मेकॅनिक येईल म्हणून तसंच ठेवलं तर तोवर रिंगा जाम.

नव्याचं आयुष्य वाढवायचं असेल तर

फ्लश. गोड्या पाण्याने, प्रत्येक ट्रिपनंतर, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटं. जेटीवर नळ नसतो ही आपली खरी अडचण, त्यावर शंभर लिटरचा ड्रम गाडीत नाहीतर किनाऱ्यावर कोणाकडे तरी भरून ठेवायचा आणि पंपाच्या सक्शनला टी आणि व्हॉल्व्ह बसवून त्यातून ओढायचं. इंजिन आयडललाच, सी-कॉक बंद. मोठ्या व्ही-८ ला शंभर लिटर लवकर संपतात, तिथे दोन ड्रम. ड्रम रिकामा व्हायच्या आत इंजिन बंद करायचं, कोरडा इंपेलर मिनिटभरात जळतो.

पावसाळ्याचं वेगळं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आपल्या बोटीही तेव्हा वर असतात आणि बऱ्याच जणांच्या नारळी पौर्णिमेनंतरच उतरतात. म्हणजे तीन महिने ओला खारट एल्बो कोकणच्या पावसाळी हवेत. वर ओढल्यावर सगळ्यात आधी फ्लश, मग मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढून पाणी पूर्ण काढा, ड्रेनच्या भोकात तार घाला कारण बऱ्याचदा पोपडा अडकून पाणी येत नाही आणि आपल्याला वाटतं रिकामं झालं. पेट्रोल इंजिनाला फॉगिंग ऑइल, म्हणजे सिलेंडर आतून गंजू न देणारं ऑइल. मागच्या एक्झॉस्टच्या तोंडाला बोळा आणि पिशवी, आणि स्टिअरिंगवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी की बोळा आहे.

नव्या मॅनिफोल्डवर पांढऱ्या पेंट मार्करने महिना आणि वर्ष लिहा, आणि तेच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये चौथ्या वर्षाच्या मार्चला टाकून ठेवा, ऑर्डर द्यायची आठवण म्हणून, कारण तोवर मार्करचा रंग गंजाखाली गेलेला असणार.